गिटार कोणाची, पावती कोणाच्या नावावर?

(वस्ती पातळीवरील महिला गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आमच्या गटातल्या ताईंनी जुनी बेस गिटार कशी विकत घेतली, यावर मला आज बोलायला सांगितलंय. मागच्या मेळाव्यात त्यांनी दोन गाण्यांना ती वाजवली आणि तेव्हापासून तीन गटांकडून विचारणा आली. कुठे मिळते, केवढ्याला मिळते, आणि मुळात वाजवता येत नसताना बाईने ती पारखायची कशी? ताई स्वतः बोलायला तयार नाहीत. "तू बोल, मी मागे बसते, काही चुकलं तर हात वर करीन," म्हणाल्या. नाव घ्यायचं नाही असंही त्यांनी बजावलंय, म्हणून मी नुसतं ताई म्हणेन.

ताई बेचाळीस वर्षांच्या आहेत. एका खाजगी इस्पितळात आया म्हणून काम करतात. बारा वर्षांच्या असताना भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात त्या स्पीकरच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. गाणं कोणतं होतं ते आठवत नाही, पण छातीत काहीतरी वाजत होतं ते आठवतं, असं त्या सांगतात. ती बेस गिटार होती. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चार, आणि त्या चांगल्या जाड. सगळ्यात जाड तार साध्या गिटारीच्या जाड तारेच्याही एक सप्तक खाली बोलते. आपल्या भाषेत हा खर्ज. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचं डबल बेस करायचं. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी, पडदे असलेली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि तिथून ती सगळीकडे गेली. आपल्या ऑर्केस्ट्रांत आली, चर्चच्या गायनवृंदांत आली.

गटात विषय निघाला तेव्हा बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, आपली गाणी ढोलकीवर, डफावर वाढली, हे परदेशी खूळ कशाला? दुसरी म्हणाली, त्या पैशात दोन ढोलक्या येतील. तिसरीने बाजू घेतली, पण अशी, की बेस म्हणजे बाईसारखाच, पाया धरून ठेवतो, कुणाला दिसत नाही, थांबला की कळतं. ही उपमा मला अजिबात आवडत नाही. पाया म्हणून आपली स्तुती झालेली आपण पुष्कळ ऐकली आहे. ताईंना ते वाद्य आवडलं होतं, बस. आवडणं हे कारण पुरेसं आहे, हे बाईच्या बाबतीत मान्य व्हायला आपल्या गटातसुद्धा दोन बैठका लागल्या.

आणि एक व्यवहाराचं कारण होतं, ते ताईंनीच मांडलं. त्यांचं घर एका खोलीचं. ढोलकीचा रियाज करायचा तर चाळ जागी होते. बेस गिटार मात्र विजेला जोडल्याशिवाय जवळजवळ बोलतच नाही. रात्रपाळी नसेल त्या दिवशी मुलं झोपल्यावर, पलंगाच्या कडेला बसून, कोणाला न उठवता ती वाजवता येते. ज्या बाईला रियाजाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतरच, तिच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मग आम्ही बाजार पाहायला निघालो. जुन्या बेस गिटारी साधारण कुठून येतात ते आम्हाला फिरता फिरता कळलं. शिक्षण संपवून शहर सोडणारी मुलं विकतात. चर्चमध्ये नवी घेतली की जुनी निघते. आणि बंद पडलेले ऑर्केस्ट्रा. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसचं काम करू लागला तसे कित्येक बेसवाले घरी बसले. त्यांच्या गिटारी कपाटावर पडून आहेत. यंत्र आलं आणि हातचं काम गेलं, ही आपल्या ओळखीचीच गोष्ट.

पहिली गिटार दुकानात पाहिली. दुकानदाराने ताईंकडे न बघता मला विचारलं, "मुलासाठी हवी का?" ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी." तर म्हणाला, "तुमच्या मुलाला घेऊन या, तो वाजवून बघेल." ताई म्हणाल्या, "मुलगा क्रिकेट खेळतो." मग जड आहे, बायकांचे हात लहान असतात, असं सुरू झालं. बेस गिटारीचं वजन साधारण चार किलो असतं. ताई रोज पेशंट उचलून कुशीवर वळवतात.

हातांबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण ही समजूत आपल्यातही असते. बेसची तार, म्हणजे तिचा वाजणारा भाग, सहसा चौतीस इंच लांब असतो. तीस इंची बेसही मिळतात, त्यात पडदे जवळजवळ असतात. पण ही काही 'लेडीज' गिटार नव्हे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस तीस इंची आहे, आणि त्यांचे हात लहान म्हणून कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. उलट लॉस एंजेलिसच्या कॅरोल के यांनी कारकीर्द गाजवली ती चौतीस इंची फेंडरवर. त्या मुळात गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही, तेव्हा त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवली. त्या काळी स्टुडिओत वाजवणाऱ्यांची नावं बहुधा रेकॉर्डच्या वेष्टनावर छापतच नसत. आपल्याकडे सतारीचं खर्जातलं मोठं भावंड म्हणजे सूरबहार. त्या वाद्याचं नाव घेतलं की अन्नपूर्णादेवींचं नाव येतं. त्या मुंबईत राहिल्या, २०१८ मध्ये गेल्या. कित्येक दशकं त्यांनी जाहीर मैफल केली नाही, पण निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. आणि मुंबईच्याच मोहिनी डेने ए. आर. रहमान यांच्याबरोबर बेस वाजवली. तिचे वडीलही बेसवादक, घरातच शिकली. घरातलं वाद्य मुलीच्या हाताला लागू दिलं तर काय होतं ते तिथे दिसतं.

दुसरी गिटार मोबाइलवरच्या जाहिरातीतली. फोटो सुंदर, किंमत निम्मी. मालक म्हणे लष्करात, बदली झाली आहे, दोन हजार आधी पाठवा, गिटार पार्सलने येईल. ही फसवणुकीची ठरलेली तऱ्हा आहे. वस्तू हातात घेतल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि अनोळखी माणसाकडे पाहायला जायचं ते दोघींनी, दिवसाढवळ्या, घरी कुठे चाललो ते सांगून. तिसरी गिटार कॉलेजच्या एका मुलाची. मुलगा चांगला, पण गिटारीची मान वाकलेली होती.

आता पारखायचं कसं ते सांगते. इथे वह्या काढल्यात तरी चालेल. मुख्य मुद्दा हा, की तपासायला वाजवता यावं लागत नाही. तांदूळ पारखायला शेती यावी लागते का?

पहिली मान. गिटारीच्या लांब दांड्याला वाजवणारे नेक म्हणतात. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण ती सतत सोसत असते, आणि वर आपला पावसाळा. लाकूड फुगतं, आकसतं, वाकतं. सुतार रंधलेली फळी बघतो तसं एक डोळा मिटून मानेच्या कडेवरून बघायचं. पीळ पडला असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली गेली असेल, तर नमस्कार करून निघायचं, तो पीळ सहजासहजी जात नाही. नुसता बाक असेल तर दुसरी परीक्षा. जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबून धरायची. तार आता सरळ पट्टीसारखी झाली. मधे, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांत लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट असली तर उत्तम. चांगली काडी जाईल एवढी फट असेल तर मान पुढे वाकली आहे. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती किल्लीने फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. त्या स्क्रूचं तोंड झिजून गोल झालेलं नाही ना, सळई फिरते ना, हे मालकाला विचारायचं. न फिरणारी सळई असलेली गिटार स्वस्तातही महाग पडते. कॉलेजच्या मुलाच्या गिटारीचं तेच झालं होतं.

मग प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा. चार तारा, वीस पडदे, म्हणजे ऐंशी सूर. एकेक दाबायचा, तार छेडायची, ऐकायचं. तानपुऱ्याला जवारी हवी असते, इथे तशी झणझण नको. एखाद्या ठिकाणी सूर लगेच मरतो का, खरखरतो का, ते वहीत लिहायचं. याला दहा मिनिटं लागतात. दुकानदार खोकतो, घड्याळ बघतो, "सगळं ठीक आहे हो ताई" म्हणतो. ऐंशी म्हणजे ऐंशी. आपण भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघतो ना?

सूर बरोबर लागतो का हे फोनवरच्या फुकटच्या ट्यूनर ॲपवर दिसतं. मोकळी तार लावून घ्यायची, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. थोडा फरक असेल तर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवरच्या स्क्रूने तो दुरुस्त होतो. पण ते स्क्रू गंजून बसलेले नसावेत. कोकणपट्टीत, समुद्राजवळ राहिलेल्या गिटारीत हे जरूर बघा. खुंट्या फिरवून बघा, सैल किंवा घसरणाऱ्या नकोत. डोक्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे यावर भाळू नका, नावाचे स्टिकर मिळतात.

तारा जुन्या, काळ्या पडल्या असतील तर घाबरू नका, त्या बदलता येतात. बेसच्या तारा महाग, म्हणून वाजवणारे जुन्या तारा पाण्यात उकळून, पुसून, वाळवून पुन्हा चढवतात. काही दिवस खरंच उजळतात. भांडं मात्र स्वयंपाकाचं नको.

आता वीज. गिटार ॲम्पला जोडून प्रत्येक बटण पूर्ण फिरवायचं. थोडी करकर धुळीमुळे असते, साफ होते. वायर जिथे घुसते तो जॅक हलवला की आवाज जातो-येतो का ते बघायचं. हे डाग लावण्याचं काम, शंभर-दोनशे रुपयांचं, पण किंमत पाडायला उपयोगी. गुणगुण येत असेल तर तारांना हात लावायचा. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते स्वाभाविक आहे. वाढली तर आतलं कनेक्शन तुटलेलं असू शकतं.

हे सांगताना मला वस्तीतल्या वायरिंगची धास्ती वाटते. गिटारीच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प बिघडला आणि घरात अर्थिंग नसेल तर करंट थेट बोटांखाली येऊ शकतो. आपल्याकडे सॉकेट तीन भोकांचं असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागे पुष्कळदा काहीच नसतं. पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवायचं नाही. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ताई घरी ॲम्प वापरतच नाहीत. तळहातात मावेल असं, सेलवर चालणारं हेडफोनचं उपकरण मिळतं, ते लावतात.

चौथी गिटार एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्या काकांची होती. त्यांनी विचारलं, "वाजवणार कोण?" ताई म्हणाल्या, "मी." त्यांनी काही न बोलता पट्टा ताईंच्या खांद्यावर चढवला, लांबी कमी केली आणि बाजूला बसून राहिले. ऐंशी सूर होईपर्यंत. दोन ठिकाणी खरखर निघाली, ती त्यांनी स्वतःच दाखवली आणि सळई पाव फेरा फिरवून घालवलीही. सांगितलेली किंमत दहा हजार होती, साडेसात हजारांना ठरलं. नव्या तारा अठराशे, हेडफोनचं उपकरण बाराशे. म्हणजे ताईंचे एकूण साडेदहा हजार गेले, सगळे भिशीतले. गिटारीच्या किमतीवर हे वरचे तीन हजार धरूनच निघा, नाहीतर गिटार घरी येते आणि मुकी बसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण घेतलं तिकडे येते. पैसे ठरल्यावर गटातून सूचना आली, की गटाच्या निधीतून अर्धे घालू आणि गिटार गटाची करू. हेतू चांगला होता. मी विरोध केला. गटाचं वाद्य म्हणजे कचेरीतलं कपाट आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे. रात्री दहाला ताई किल्ली मागायला जाणार का? सामूहिक मालकीवर माझा विश्वास आहे, पण बाईचं स्वतःचं काही नसताना तिची पहिलीच वस्तू सामूहिक करा म्हणणं हा न्याय नव्हे. शेवटी असं ठरलं, की गिटार ताईंची आणि कार्यक्रमाला लागणारा ॲम्प गटाचा. जुना ॲम्प आणि वायर मिळून साडेतीन हजार गटाने घातले. तो कचेरीतच असतो, तिथलं अर्थिंग तपासलेलं आहे.

आणि पावती. काकांकडे कसली छापील पावती असणार? साध्या कागदावर लिहून घेतली. विकणाऱ्याचं नाव-पत्ता, घेणारी म्हणून ताईंचं पूर्ण नाव, कंपनी, रंग, डोक्याच्या मागे कोरलेला नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. पैसे ताईंच्या खात्यातून दिले. चोरीचा माल आपल्या गळ्यात पडू नये यासाठी तर हे हवंच. पण दुसरं कारण जास्त मोठं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक केस आली होती. भजनाच्या बिदागीतून एका बाईने पेटी घेतली होती. मोठ्या दिराने ती परस्पर विकली. तक्रार केली तेव्हा घरच्यांनी लिहून दिलं की पेटी सासऱ्यांनी आणलेली होती. बाईकडे कागद नव्हता. पेटी परत आली नाही, तडजोडीत थोडे पैसे आले. कायदा तिच्या बाजूचा होता. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम १४ सांगतं, की स्त्रीने खरेदी केलेली, स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेली मालमत्ता, जंगम असो वा स्थावर, पूर्णपणे तिची. हा कायदा बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही लागू आहे. ख्रिस्ती, पारशी विवाहित स्त्रियांच्या कमाईसाठी १८७४ चा कायदा आहे, आणि त्यात कलेच्या कौशल्यातून मिळवलेला पैसाही तिचाच धरलेला आहे. धर्म कोणताही असो, कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे बाईची वस्तू परस्पर विकणं हा आर्थिक छळ आहे, आणि ती परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी करू शकतात. पण वस्तू तिची आहे हे दाखवायला काहीतरी लागतं. म्हणून ताईंच्या पावतीची एक प्रत आमच्या फाइलमध्ये आहे, आणि नंबरासकट गिटारीचा फोटो ताईंच्या बहिणीच्या फोनमध्ये आहे.

घरी काय झालं, असं सगळ्या विचारतात. नवरा आठ दिवस बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "या वयात तमाशात जाणार का?" तमाशातल्या बाईने पोटासाठी केलेली कला आपल्या तोंडी शिवी म्हणून येते, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. श्रीनगरमध्ये शाळकरी वयाच्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला होता. एक गाणारी, एक ड्रमवर, एक बेस गिटारवर. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांना स्पर्धेत बक्षीस मिळालं. मग इंटरनेटवरून शिव्या आणि धमक्या आल्या, तिथल्या मुफ्तींनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला. हे वाचून 'तिकडे असंच असतं' म्हणणाऱ्यांना मी सांगते, आपल्याकडे फतव्याची गरजच पडत नाही. आठ दिवसांचा अबोला पुरतो. ताईंना तो पुरला नाही, एवढंच.

शिकवणी म्हणाल तर काका रविवारी येतात. पैसे घेत नव्हते, ताईंनी ठरवून घ्यायला लावले. सध्या ताई चार गाणी वाजवतात. तीन आपली चळवळीची आणि एक सिनेमातलं, ते कोणतं हे त्या सांगत नाहीत.

मागच्या टेबलावर गिटार ठेवली आहे. ज्यांना ऐंशी सूर तपासून बघायचे असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत यावं. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, नेलकटर तिथेच आहे. आणि ताईंनी हात वर केलाय. त्या म्हणतात, तारांची किंमत अठराशे नव्हे, सतराशे पन्नास.